काळ्या केसांतील एकटा इलेक्ट्रॉन

हिवाळा सुरू झाला कीं नंदुरबार शहराच्या भोंवतीं मिरचीच्या पथाऱ्या पसरूं लागतात आणि दूरवर जमीन तांबडी दिसते. त्या पथाऱ्यांवर काम करणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसास विचारून पाहा. वाळलेली मिरची गरजेपेक्षां अधिक दिवस उन्हांत राहिली तर तिचा रंग उडतो, असें तो सांगेल. दोरीवर वाळत घातलेलें रंगीत लुगडेंही कालांतरानें विटतें. परंतु त्याच उन्हांत दिवसभर मिरची वर-खालीं करणाऱ्या मजुराची त्वचा विटत नाहीं. ती अधिक काळी होते. सूर्य एकच, तो मिरचीचा रंग नेतो आणि माणसास रंग देतो. हा भेद कशामुळें होतो याचा शोध घेतां घेतां शास्त्रज्ञ एका फार सूक्ष्म वस्तूपर्यंत जाऊन पोंचले, आणि त्या वस्तूचा संबंध आपल्या जिल्ह्यांतील एका दुखण्याशींही आहे. म्हणून हा विषय येथें घेतला आहे.

आपल्या त्वचेंत, केसांत व डोळ्यांत जें काळें द्रव्य असतें त्यास मेलॅनिन म्हणतात. कावळ्याच्या पिसांत, म्हशीच्या कातडींत, समुद्रांतील माकूल नांवाच्या प्राण्याच्या शाईंतही तेंच असतें. दूध, डाळ, अंडीं, मासे यांतील प्रथिनांत टायरोसीन नांवाचें एक अम्ल आहे. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशीं कांहीं विशेष पेशी असतात. त्यांतील एक एन्झाइम आपल्या अंगच्या तांब्याच्या बळावर या टायरोसीनाचें रूप पालटतें, आणि अशा पालटलेल्या कड्यांची सांखळी व गुंता होऊन मेलॅनिन तयार होतें. त्याच्या मुख्य जाति दोन. एक काळसर-तपकिरी, दुसरी तांबूस-पिवळी, जिच्यांत गंधक असतें. टायरोसीन हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुढें पुन्हां भेटणार आहे.

गोऱ्या माणसाच्या त्वचेंत या रंगकारक पेशी थोड्या व काळ्याच्या त्वचेंत फार, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. पेशींची संख्या दोघांतही जवळजवळ सारखीच असते. त्या पेशी मेलॅनिन किती बनवितात, कोणत्या जातीचें बनवितात व त्याचे कण केवढे असतात, एवढ्यांतच काय तो फरक. हे कण शेजारच्या पेशींत शिरतात आणि पेशीच्या केंद्रकावर छत्रीप्रमाणें जमतात. सूर्याचे जंबुपार किरण केंद्रकांतील आनुवंशिक द्रव्यावर पडूं न देतां ही छत्री ते आपल्या अंगावर घेते व त्यांतील बहुतेक शक्ति उष्णतेच्या रूपानें सोडून देते. आमच्याकडे मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत रंगाची विचारपूस अजून होते, आणि गोरें करणाऱ्या मलमांवर पैसा खर्च होतो. अशा कांहीं मलमांत पारा सांपडलेला आहे. पारा त्या तांब्याच्या एन्झाइमाचें काम बंद पाडतो व शरीरांत भिनून मूत्रपिंडांसही अपाय करितो. तोंड उजळ दिसावें म्हणून भर उन्हांत छत्री फाडावी, तसाच हा व्यवहार आहे.

आतां त्या सूक्ष्म वस्तूकडे वळूं. सर्व पदार्थ अणूंचे व अणूंच्या जुळणीनें झालेल्या रेणूंचे बनलेले असतात, आणि या रेणूंत इलेक्ट्रॉन बहुधा जोडीजोडीनें राहतात. एखाद्या रेणूंतील जोडी फुटली व एक इलेक्ट्रॉन एकटा उरला, तर त्या रेणूस मुक्त मूलक म्हणतात. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत मोझेस गोम्बर्ग यानें १९०० सालीं असें एक मूलक प्रथम ओळखलें, तेव्हां अनेक रसायनशास्त्रज्ञांस तें पटेना. एकटा इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाहीं. तो शेजारच्या रेणूंतून जोडीदार ओढून घेतो आणि मग तो शेजारी एकटा पडतो. ही ओढाताण पेशीच्या आंत सुरू झाली तर पेशीचें आवरण, प्रथिनें, आनुवंशिक द्रव्य सर्वांसच इजा पोंचूं शकते. कांहीं मूलकें तर एका सेकंदाच्या कोट्यवधि भागापुरतींच जगतात. मग तीं पाहावयाचीं कशीं? सूक्ष्मदर्शकाचा येथें उपयोग नाहीं.

उपयोग होतो तो लोहचुंबकाचा. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक चिमुकला चुंबक असतो. भोंवऱ्यासारखा एक गुण त्याच्या अंगीं मुळचाच आहे, त्यास परिवलन म्हणतात. १९२५ सालीं हॉलंडमधील उलेनबेक व गाउडस्मिट या दोन तरुणांनीं ही कल्पना मांडली. जोडींतील दोघांचीं परिवलनें परस्परविरुद्ध असतात, म्हणून त्यांचें चुंबकत्व एकमेकांस छेदून जातें व बाहेर कांहींच उरत नाहीं. एकट्या इलेक्ट्रॉनाचें मात्र उरतें. मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें त्यास ठेवलें म्हणजे त्यास दोनच स्थिति शक्य होतात. एक कमी शक्तीची व दुसरी थोड्या अधिक शक्तीची. नेमकी त्या फरकाइतकी शक्ति बाहेरून पुरविली तर तो पहिल्या स्थितींतून दुसरींत उडी घेतो.

नेमकी हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. आखाजीच्या सणास लिंबाच्या फांदीस बांधलेला झोका खानदेशांतील कोणत्या मुलीस ठाऊक नाहीं? झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयींत हलकासा हात लावला तरी झोका चढत जातो. अवेळीं कितीही जोर केला तरी श्रम फुकट जातात. लयीशीं लय जुळून शक्ति घेतली जाण्याच्या या क्रियेस अनुस्पंदन म्हणतात. इलेक्ट्रॉनास धक्का द्यावयाचा तो सूक्ष्मतरंगांनीं. दुसऱ्या महायुद्धांत रडारसाठीं ज्या जातीचे तरंग वापरले गेले त्याच जातीचे हे तरंग. नेहमीच्या यंत्रांत त्यांचीं आंदोलनें सेकंदास सुमारें ९५० कोटी असतात व तरंगाची लांबी सव्वा इंचाच्या आसपास भरते. त्यांच्याशीं लय जुळावयास चुंबकाचा जोर सुमारें ३,४०० गॉस लागतो. आपल्या भूमीवर होकायंत्राची सुई फिरविणारें पृथ्वीचें चुंबकत्व अर्ध्या गॉसाहूनही कमी आहे, यावरून त्या चुंबकाची कल्पना येईल.

प्रयोग करतांना पदार्थ गारेच्या काचेच्या बारीक नळींत घालून ध्रुवांमध्यें ठेवतात, तरंग एकाच आंदोलनसंख्येचे सोडतात आणि चुंबकाचा जोर हळूहळू वाढवीत नेतात. लय जुळली कीं तरंगांतील शक्ति शोषली जाते आणि कागदावर एक नागमोडी रेघ उमटते. इंद्रधनुष्य हा जसा प्रकाशाचा वर्णपट, तसा हा एकट्या इलेक्ट्रॉनांचा वर्णपट समजावा. मात्र यांत रंग नसतात. रेघ कोठें उमटली, किती रुंद आहे, तिच्या किती फांद्या झाल्या, यांवरून तो इलेक्ट्रॉन कोणत्या अणूंच्या शेजारीं बसला आहे हें कळतें. ही पद्धति रशियांतील काझान येथें झाव्हॉयस्की यानें १९४४ सालीं शोधून काढली.

दहा वर्षांनीं, म्हणजे १९५४ सालीं, अमेरिकेंतील सेंट लुइस येथें बॅरी कॉमनर व त्याचे सहकारी टाउनसेंड व पेक यांनीं सजीवांचे ऊतक या यंत्रांत घातले. अडचण पाण्याची होती. जिवंत पेशींत पाणीच अधिक, आणि पाणी हे तरंग गिळून टाकतें. म्हणून त्यांनीं ऊतक गोठवून, त्यांतील पाणी काढून, कोरडे करून तपासले. पानांत, स्नायूंत, इंद्रियांत मुक्त मूलकांचीं चिन्हें मिळालीं, आणि मेलॅनिनची रेघ तर ठळक निघाली. क्षणभंगुर म्हणून जीं मूलकें प्रसिद्ध, तीं या काळ्या द्रव्यांत कायमचीं वस्ती करून होतीं! न्हाव्याच्या दुकानांत जमिनीवर पडलेला काळ्या केसांचा पुंजका उचलून यंत्रांत घातला तरी ती रेघ उमटेल. आजीच्या पांढऱ्या केसांत मात्र ती जवळजवळ नसतेच, कारण त्या केसांत मेलॅनिन उरलेलें नसतें.

हीं मूलकें तेथें टिकतात कशीं? मेलॅनिनमधील कांहीं कडीं इलेक्ट्रॉन देण्यास तयार असतात व कांहीं घेण्यास. अशीं दोन शेजारीं आलीं कीं एकाचा एक इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातो आणि दोघांपाशींही एकेक एकटा इलेक्ट्रॉन राहतो. घट्ट गुंत्यांत अडकल्यामुळें तो बाहेर जाऊन कोणास इजा करूं शकत नाहीं. उलट बाहेरून आलेलें एखादें उपद्रवी मूलक तेथें शांत होतें. १९६३ सालीं कोप व त्याच्या सहकाऱ्यांनीं डोळ्यांतील मेलॅनिनच्या कणांवर प्रकाश सोडून पाहिला. प्रकाश पडतांच रेघ वाढली, अंधार करतांच ती पुन्हां पूर्वीसारखी झाली. मजुराच्या त्वचेचें जें कोडें आरंभीं घातलें त्याचें उत्तर यांतच आहे. मिरचीचा रंग किरण घेतो आणि त्या घेण्यांत मोडून जातो. मेलॅनिन किरण घेतें, क्षणभर आपले इलेक्ट्रॉन अस्ताव्यस्त होऊं देतें व पुन्हां सांवरतें. शिवाय उन्हाची इजा जाणवली कीं जिवंत त्वचा आणखी मेलॅनिन बनवूं लागते. तोडून वाळविलेल्या मिरचीस तें कोठून जमणार?

तथापि सर्वच मेलॅनिन सारखें गुणी नसतें. १९८२ सालीं अमेरिकेंतील सीली व इतर संशोधकांनीं दाखविलें कीं काळ्या जातीची रेघ साधी व एकेरी असते, तर तांबूस जातीची रुंद असून तिच्यावर नत्रवायूच्या शेजारामुळें उंचवटे येतात. केस न कापतां-कुटतां, नुसत्या रेघेवरून जात ओळखतां येऊं लागली. तांबूस जात उन्हांत स्वतःच नवीं मूलकें अधिक निर्माण करिते, आणि तांबड्या केसांच्या गोऱ्या लोकांस त्वचेचा कर्करोग अधिक होतो, हें यापूर्वींच वैद्यांच्या अनुभवास आलेलें होतें.

हीं यंत्रें परदेशांतच आहेत असें कोणी समजूं नये. पवई येथील आय. आय. टी. मध्यें असें यंत्र आहे, आणि ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत याच पद्धतीनें मसाल्यांचीही परीक्षा झाली आहे. मसाल्यांतील बुरशी व जंतु मारण्यासाठीं त्यांवर गॅमा किरण सोडण्याचें केंद्र नवी मुंबईंतील वाशी येथें २००० सालीं सुरू झालें. किरण दिलेली मिरची व न दिलेली मिरची दिसण्यांत सारखीच. यंत्रांत मात्र दोन्हींत मधली रेघ असते, आणि किरण दिलेलींत तिच्या दोन बाजूंस दोन बारीक रेघा अधिक उमटतात; त्या मिरचीच्या काष्ठतंतूंत अडकलेल्या मूलकांच्या. दमट हवेंत त्या हळूहळू पुसट होतात व कांहीं काळानें दिसेनाशा होतात, म्हणून परीक्षा वेळेवर करावी लागते. आपल्या बाजारांतील पोतें परदेशीं गेलें तर तेथला परीक्षक त्याचा पूर्वेतिहास असा वाचूं शकतो.

जिवंत पेशीची गोष्ट याहून कठीण आहे. आपण जो प्राणवायु घेतों त्याचा थोडा अंश पेशींत अर्धवट वापरला जाऊन मूलकरूप होतो. पांढऱ्या रक्तपेशी तर जंतु मारण्यासाठीं अशीं मूलकें मुद्दाम बनवितात. म्हणजे मूलक तेवढें वाईट, असेंही म्हणतां येत नाहीं. त्यांस आवरणारें एक एन्झाइम मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनीं १९६९ सालीं अमेरिकेंत ओळखलें. या अल्पजीवी मूलकांस पकडण्याची युक्तीही त्याच सुमारास निघाली. नदींतील मासा हातानें धरतां येत नाहीं, पण जाळें लावून ठेवलें तर तो आपण होऊन अडकतो. तसें एखादें द्रव्य पेशींत सोडावयाचें कीं ज्यास मूलक चिकटलें म्हणजे टिकाऊ नवें मूलक बनेल. मग त्या नव्याची रेघ सावकाश वाचावी. पाण्याची अडचण टाळण्यासाठीं नमुना अगदीं पातळ, चपट्या नळींत घालतात. पेशी जिवंत असतांनाच तिच्या आंतली धामधूम अशा रीतीनें कळूं लागली.

आतां आपल्या दुखण्याकडे येतों. सातपुड्याच्या कुशींतील अक्राणी, अक्कलकुवा, तळोदें या भागांत आणि नवापूर तालुक्यांतही सिकलसेल हा आजार पुष्कळ घरांत आहे. रक्तांतील हीमोग्लोबिनच्या एका सांखळींत सहावी कडी बदललेली असते. तेवढ्या एका फरकानें प्राणवायु कमी पडतांच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. हा रेणूचा आजार आहे, हें लायनस पॉलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९४९ सालीं सांगितलें. १९८२ सालीं हेबल व इतरांनीं दाखविलें कीं अशा पेशी आपोआपच निरोगी पेशींच्या जवळजवळ दुप्पट प्राणवायु-मूलकें निर्माण करितात. म्हणजे पेशीचें आवरण आंतूनही जळत असतें.

या आजारावर हायड्रॉक्सियुरिया नांवाचें औषध देतात. हें द्रव्य जर्मनींत १८६९ सालींच तयार झालें होतें, पण त्याचा हा उपयोग कोणास ठाऊक नव्हता. १९७२ सालीं स्वीडनमध्यें एरेनबर्ग व राइखार्ड यांनीं, पेशींत आनुवंशिक द्रव्याच्या विटा पाडणारें एक एन्झाइम आमच्या या चुंबकी यंत्रांत तपासलें. त्यांत एक मुक्त मूलक ठाण मांडून बसलेलें आढळलें, आणि त्याच्यावांचून एन्झाइमाचें कामच चालत नाहीं असें दिसलें. हायड्रॉक्सियुरिया मिसळतांच रेघ नाहींशी झाली व एन्झाइम थांबलें. तें मूलक कोणाचें, हें पुढें कांहीं वर्षांनीं उलगडलें. तें टायरोसीनाचें होतें; ज्या टायरोसीनापासून आपले केस काळे होतात त्याचेंच.

पुढें सिकलसेलच्या रुग्णांस हें औषध देऊन पाहिलें, तेव्हां त्यांच्या रक्तांत गर्भावस्थेंतील हीमोग्लोबिन वाढूं लागलें. तें विळ्याचा आकार होऊं देत नाहीं. अमेरिका व कॅनडा येथें २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या परीक्षेचा निष्कर्ष १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. औषध न घेणाऱ्यांस वर्षांत साडेचार वेळां कळा येत, तर घेणाऱ्यांस अडीच वेळां, असें मध्यम प्रमाण निघालें. १९९९ सालीं औषध घेणाऱ्या रुग्णांचें रक्त याच यंत्रांत ठेवून पाहिलें असतां हीमोग्लोबिनला चिकटलेल्या नायट्रिक ऑक्साइडची रेघ मिळाली. नायट्रिक ऑक्साइड हेंही मुक्त मूलकच, पण तें रक्तवाहिन्या सैल करितें. एक मूलक विझविणारें औषध शरीरांत दुसरें उपकारक मूलक उत्पन्न करितें, हें त्या रेघेनें उघड झालें.

पालकांनीं दोन गोष्टी अवश्य जाणून घ्याव्या. पहिली ही कीं, आई व बाप दोघेही या आजाराचे वाहक असले, तर प्रत्येक मुलास आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. आणि वाहक मनुष्य दिसण्यांत पूर्ण निरोगी असतो. म्हणून लग्न ठरविण्यापूर्वीं दोघांचेंही रक्त तपासून घ्यावें. मुलीच्या रंगाची चौकशी करण्यांत जो वेळ जातो, त्यांतला थोडा येथें खर्च झाला तर बरें. केंद्र शासनानें १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तींत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचें रक्त तपासण्याचा संकल्प आहे. दुसरी गोष्ट औषधाची. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावें लागतें, मधून मधून रक्तांतील पेशींची मोजणी करावी लागते आणि गर्भवती स्त्रीस तें देत नाहींत. तें कांहीं महिने घेतल्यावर कित्येकांच्या नखांवर काळ्या रेघा येतात किंवा नखें काळसर पडतात. तें पाहून घरचे लोक घाबरतात व गोळ्या बंद करितात. तो काळेपणा मेलॅनिनचाच असतो व औषध थांबल्यावर तो बहुधा ओसरतो. नखें डॉक्टरांस दाखवावीं. गोळी आपल्या मनानें सोडूं नये.